जूनमधला बर्फ

डोंबिवली, शनिवार, १८ जानेवारी

गेल्या वर्षी व्याख्यानमालेत ठाण्याचे प्राध्यापक अध्यक्षांच्या कानात कुजबुजले होते, "खुर्च्या लावणाऱ्याला आभार मानायला कशाला उभं करता?" मंडप माझा, माइक माझा, आणि कानही माझेच. ऐकलं होतं.

आज पुन्हा त्यांचंच व्याख्यान. विषय, दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीस साली रशियाने फिनलंडच्या फौजेवर केलेला मोठा हल्ला. विषय कळल्यापासून महिनाभर वाचत होतो. आणि सर सापडले! म्हणाले, फिनिश सैनिक पांढऱ्या कपड्यांत, स्कीवरून, गुडघाभर बर्फात लढले. स्की! अहो, हा हल्ला जूनमधला. बर्फातली लढाई चार वर्षं आधीची.

आभाराला उभा राहिलो. "सरांचे विशेष आभार. हल्ला जूनमधला, तरी त्यांनी तिथे बर्फ पाडला. आम्हाला इथे जानेवारीतसुद्धा पंखे लावावे लागतात." सगळा मंडप हसला. सर लालबुंद.

पोरकटपणा केला का मी? केला. पण ती स्की आठवली की अजून गुदगुल्या होतात.

खाली उतरल्यावर सरांनी हात पुढे केला. "अभ्यास आहे हो तुमचा. कुठल्या कॉलेजचे?"

"नववी नापास, सर," म्हटलं, आणि तो हात चांगला दाबून धरला. लवकर सोडलाच नाही.