बिनउंबऱ्याची चौकट

१८ नोव्हेंबर

अजिनाथ ठेकेदार सकाळी फिनिशिंगचं इस्टिमेट देऊन गेला. स्लॅबपर्यंत बजेट बरोबर चाललं होतं. आता फरशी, दारं, रंग, नळ — सगळं मिळून अडीच लाखांनी वर. म्हणाला, "साहेब, घर उभं लवकर राहतंय. नटवायला लागलं की पैसा पळतो."

साळूमावशी काल सोयगावला परत गेली. आईची धाकटी बहीण. तेराव्यानंतरही थांबली होती. आता घरात आवाज नाही. आईचं अंथरूण अजून कॉटवर तसंच. ना तिच्या सुनेने, योगिनीने, उचललं, ना मी.

२१ नोव्हेंबर

योगिनी आणि मी मोंढा नाक्याला फरशी बघायला गेलो. चार बाय दोनची तिला आवडली. दोन बाय दोनची घेतली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, थोडी जादा लेके रखो. ये लॉट गया तो ऐसा शेड फिर नै मिलता." घेतली.

आईच्या बाथरूमला खरबरीत फरशी ठरली होती, पाय घसरू नये म्हणून. त्याने यादीवर बोट ठेवलं — "ये रफवाली?" मी नको म्हणालो. थोडे पैसे वाचले. बाहेर येऊन चहा घेतला. 

२९ नोव्हेंबर

प्लॉटवर गेलो. मुख्य दाराची चौकट आली आहे. सागवानी, पण तीनच बाजूंची. खाली उंबरा नाही. मीच तसं सांगितलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई वॉकरवर होती. उजवा पाय उचलायचा नाही, ओढत न्यायची.

तिला ते कधीच पटलं नाही. "बिनउंबऱ्याचं घर असतंय व्हय कुठं? तुझ्या कंपनीचं गोदाम बांधायलास का?" मी चितेगावच्या कंपनीत स्टोअरला आहे, म्हणून गोदाम. मी म्हणालो होतो, पडलीस तर कोण बघणार? "मी काय जन्मभर पुरायले का तुला?"

अजिनाथने विचारलं, "बसवू का मग?" दोन दिवस थांब म्हणालो. का म्हणालो, मलाच माहीत नाही.

३० नोव्हेंबर

मावशीला फोन केला. चौकटीचं सांगितलं.

"मग कर की उंबरा. अक्काची तेवढीच तर हौस हुती. उंबऱ्याला हळदीकुंकू लावल्याबिगर चहा घेतला का तिनं कधी? आता कोणाचा पाय अडखळतोय?"

खरंच. आता कोणाचा अडखळणार?

तुझे गुडघे कसे आहेत, विचारलं. "हायेत जाग्यावर," म्हणाली आणि फोन ठेवला.

३ डिसेंबर

सुतार म्हणतो, उंबरा जोडायचा तर उभे खांब आखूड पडतात. चौकट नवीच करावी लागेल. तीस हजार. अजिनाथ बाजूला घेऊन म्हणाला, "ग्रॅनाइटची पट्टी टाका, साहेब. दोन हजारात काम हुतंय. मूठभर उंबऱ्यासाठी कशाला एवढं?"

पट्टी नको. लाकडाचाच हवा.

५ डिसेंबर

जेवताना योगिनीला सांगितलं. तीस हजार कुठून काढायचे, तर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांमधून. त्या पुढच्या वर्षी घेऊ म्हणालो.

ती बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "आई होत्या तेव्हा तुम्हीच उंबरा नको म्हणालात."

मी ताटातलं मीठ बोटाने सारखं केलं.

"करा. वीस वर्षं ट्रॉल्यांशिवायच केलाय स्वयंपाक." नंतर भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता.

१४ डिसेंबर

पीओपीचं सिलिंग रद्द. रंग साधा. दुकानात उभं राहिलं की सगळे पांढरे सारखेच दिसतात. थकायला होतं.

२२ डिसेंबर

हौद लहान केला तर किती वाचतील, असं अजिनाथला विचारलं. तो हसला. "सिलिंगकडं कोण बघतंय? पाण्याकडं सगळे बघतेत. नळाला कवा येईल, कवा नाय. हौदाला हात लावू नका." नाही लावला.

घरी येऊन आईचा वॉकर घडी करून माळ्यावर ठेवला. पुन्हा खाली काढला. कॉटखाली सरकवला.

४ जानेवारी

नवी चौकट बसली. उंबरा चार बोटं उंच. गावच्या घराचा तेवढाच होता. अजिनाथ म्हणत होता, दोन बोटं पुष्कळ झाली. मी चारच करायला लावला.

सगळे जेवायला गेल्यावर खिशातून पुडी काढून हळदीकुंकू लावलं. हे काम मी कधी केलं नव्हतं. बोट कसं ओढायचं तेही नीट माहीत नाही. वाकडं आलं. तरी बरं वाटलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

१९ जानेवारी

नळ हलके घेतले. बदलता येतात.

७ फेब्रुवारी

उद्या राहायला जायचं. वर्षाच्या आत वास्तुशांत नको असं सगळ्यांचं म्हणणं. फक्त दूध उतू जाऊ द्यायचं. भाडं आणि हप्ता, दोन्ही आता झेपत नाही.

मावशीला आणायला सोयगावला गेलो. तिला मूलबाळ नाही, दिराच्या मुलाकडे असते. अंथरूण आता ओसरीवर आलं आहे. तिच्याजवळ एक पेटी, दोन गाठोडी. मी म्हणालो, चार दिवसांसाठी एवढं?

"लुगडी काय हितं उन्हात वाळवायला ठिऊ?"

गाडीत बसताना दिराचा मुलगा म्हणाला, "राहू द्या हो म्हातारीला निवांत. घाई नाय आमची." मावशी दुसरीकडे बघत होती. वाटेभर गाठोडं मांडीवरच धरून होती. 

८ फेब्रुवारी

मावशी दारात आली. खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला नेला. "अक्का, झालं बघ तुझ्या मनासारखं."

मग पाय उचलायला गेली. उचलला नाही. चौकट धरली, पुन्हा प्रयत्न केला. अंगठा उंबऱ्याला लागला. माझ्याकडे बघून हसली — "वळखत नाय मला अजून." योगिनीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. उचलूनच आत घेतली. आईसारखीच. तोच उजवा पाय.

दूध उतू गेलं. योगिनीने सगळ्यांना साखर दिली.

नंतर मावशीने पुन्हा उंबऱ्याबाहेर न्यायला लावलं. पायरीवर बसली. "मी हितंच बरी, उन्हाला." दुपारी ऊन गेलं तरी तिथंच. जेवण बाहेरच घेतलं. पाणी नको म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा नको. योगिनीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "पाणी प्यायलं की बाथरूमला आत जावं लागेल ना. म्हणून."

९ फेब्रुवारी

योगिनीने आईच्या कॉटवर धुतलेली चादर घातली. सामानासोबत आलेला वॉकर काढून पुसला. मग विचारलं, "मावशी किती दिवस आहेत?"

आता इथंच राहणार, म्हणालो.

"मग?" असं म्हणून तिने दारातल्या उंबऱ्याकडे बघितलं.

अजिनाथला फोन केला. सुताराला करवत घेऊन पाठव म्हणालो.