चपलेचा अंगठा

माया,
दूध घालून आलीस की मला हुडकाय पळू नकोस. मेंढरं घिऊन मी बिरोबाच्या माळावर गेलोय. रगत पातळ व्हायची गोळी घेतलीया, मोबाईल खिशात हाय.

काल सांगलीतनं आल्यावर तू काय इचारलं न्हाईस, मलाबी सांगवंना. छातीत रगत कुठवर पोचतंय त्याचा फोटो पिठाच्या डब्यावर ठेवलाय. गुठळ्या काढायच्या आपरेशनच्या आधी निम्म्या फुफ्फुसात रगतच पोचत नव्हतं. आता पोचतंय, डाव्या अंगाला खाली एवढासा तुकडा तेवढा रिकामा हाय. त्याचं काय करायचं ते डॉक्टर तीन महिन्यांनी बघणार हायत. तवर हळूहळू चढाय हरकत न्हाई म्हणालेत.

दोन वरीस आपण चढाला लागलो की तुझ्या चपलेचा अंगठा निसटायचा. तू खाली बसायचीस आणि मला दम खायाला मिळायचा. नव्या चपला घेतल्या तरी अंगठा निसटायचाच. मला ठावं हुतं, पण मी कवा बोललो न्हाई.

आज दमलो तर माझा मीच बसंन. भाकरी घिऊन ये, पण सावकाश ये. त्या चढाला तुलाबी दम लागत आसंल, ते नवरा आसून मी कवा इचारलंच न्हाई.

भाऊसो