पाटावरची सात नाणी

॥ श्री ॥

अ‍ॅडलेडला असलेला धाकटा भाऊ विवेक याच्याकडून सात भाऊबिजांना सात पाकिटे आली. आत चिठ्ठी नाही, एकेक नाणे. एक सेंट, पिसासारख्या शेपटीचा इवला प्राणी. दोन सेंट, झालरवाला सरडा. पाच, काटेरी एकिडना. दहा, लायरबर्ड पक्षी. पन्नास, कांगारू व एमू. एक डॉलर, पाच कांगारू. यंदा वीस सेंट, प्लॅटिपस. एकूण एक डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट. पाकिटांवरची तिकिटे मात्र वीस डॉलरांच्या घरात.

मी, मधुवंती रवींद्र आगटे, वय ६९, शिक्षण मॅट्रिक, मुक्काम सेंगकांग, सिंगापूर, देवदयेने बुद्धी व स्मरण शाबूत असताना, कोणी न सांगता, स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहिते. आधी काही लिहिले असल्यास रद्द.

१. राहता फ्लॅट चिरंजीव सौमित्रचा. त्यात मला खिडकीजवळची खोली व मान दोन्ही मिळाले. देण्यासारखे माझे त्यात काही नाही.

२. पुण्याच्या बँकेतली ठेव नात मैत्रेयीला. शिलाई मशीन व देव सूनबाई अनघाला. हॉकर सेंटरच्या विकतच्या जेवणाचे, मी धुऊन ठेवलेले डबे ती टाकत आली, ते माफ. देवांचे तिच्या हातून नीट होईल.

३. आईच्या दोन पाटल्या. तिच्या तेराव्याला मी चारचौघांत म्हणाले, सेवा मी केली, पाटल्या माझ्या. विवेक म्हणाला, "ताई, मजुरी लावतेस होय?" तेव्हापासून बोलणे बंद. खरे होते, म्हणूनच लागले. दोन्ही पाटल्या विवेकला. जोड फोडू नये.

४. सातही नाणी मैत्रेयीला. पहिले एक सेंटचे, तेही चलनातून बाद झालेले पाहून मी भडकले होते. पण भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, मला तर भाऊ आहे. म्हणून दरवर्षी पाट मांडला, त्यावर नाणे ठेवून ओवाळले. विवेकला हे ठाऊक नाही.

यंदाचे नाणे पाहून मैत्रेयीने विचारले, हे बदक की उंदीर? मग तिनेच शोधून सांगितले की हा अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो. उरल्या तुकड्यांची गोधडी मीही शिवते. देवालाही काही वाया घालवणे जिवावर येत असावे. सगळी नाणी ओळीने लावून ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, फिनिश ऑलरेडी. नो मोअर अ‍ॅनिमल्स लाह." रोजच्या चलनातले प्राणी संपले. आता पुढल्या पाकिटाचा भरवसा नाही, म्हणून हे लिहायला बसले.

५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक विवेक. सौमित्र म्हणतो, मामा तुझ्याशी बोलत नाही. म्हणूनच त्याला नेमले.

साक्षीदार समोरच्या फ्लॅटमधले. त्यांना यातले काही मिळायचे नाही, म्हणूनच चालतात. चकल्या दिल्या आहेत.

सही: मधुवंती रवींद्र आगटे
साक्षीदार: १. रत्नदीप वाहाणे २. एकता वाहाणे
सेंगकांग, सिंगापूर, २६ ऑक्टोबर २०२५

ता. क. ही प्रत विवेकला. बाळा, सात वर्षांत तुझे पाकीट एकदाही चुकले नाही, आणि माझ्याकडून पोच एकदाही गेली नाही. ही सातांची मिळून पोच समज. देवाने असा भाऊ दिला, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पाकिटात घालायला आता काही उरले नसेल, तर पुढल्या भाऊबीजेला पाटावर तूच बस. येतोस की नाही, उलट टपाली कळव.