चमच्याच्या खुणा नव्हेत

शुक्रवार, ९ जानेवारी

कालच्या पानावर चूक आहे. मी लिहिलं, 'होक-यीच्या पाठीवर चमचा ओढल्याच्या खुणा.' पाठीवर नव्हत्या. मांड्यांच्या मागे होत्या. पाठ मी पाहिलीच नाही! तिची आई फाटकाशी म्हणाली, "सर्दी भरली होती ना मिस, चमचा ओढला थोडा," आणि सर्दीला चमचा ओढायचा तो पाठीवरच, म्हणून हाताने आपोआप पाठ लिहून टाकलं. कालची ओळ खोडत नाही. ही तिच्याखाली राहू दे.

नीट लिहायचं तर असं. काल मधल्या सुट्टीत होक-यीच्या अंगावर सूप सांडलं. पाच वर्षांची पोर, वर्गात सगळ्यांत टापटिपीची. रडायच्याही आधी "सॉरी मिस, सॉरी मिस" सुरू. पँट बदलायला मी तिला आत नेलं. खुणा जांभळ्या होत्या, काही पिवळट, म्हणजे जुन्या. मी विचारलं, "दुखतं का गं?" ती म्हणाली, "आता नाही."

आमच्या बेटावर लाल मान, लाल पाठ पाहून कुणी दचकत नाही. सर्दी झाली, उष्णता झाली, की तेल लावून चिनी मातीचा चमचा ओढतात. शेजारच्या वर्गाची मिस यीप काल स्वतःच लाल मान घेऊन शाळेत आली होती. म्हणूनच मी काल मान हलवली आणि घरी आले. चमचा — झालं!

मिस यीप कपाटात मुलांसाठी जादा कपडे ठेवते, तेही स्वतःच्या खर्चाने. तिचे आभार मानायचे राहिले. सोमवारी नक्की.

शनिवार, १० जानेवारी

नव्या कायद्याचं प्रशिक्षण झालं. वीस तारखेपासून लागू. शिक्षक, नर्स, डॉक्टर, पाळणाघरातल्या बायका, कुणालाही मुलाला गंभीर इजा होतेय असा संशय आला तर कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा. कैदसुद्धा.

मिस यीप कुजबुजली, "सांगितलं तर पालकांच्या शिव्या, नाही सांगितलं तर तुरुंग. तुरुंगात निदान झोप तरी मिळेल!" मागची रांग फिदीफिदी हसली.

शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या, नाक चोंदलेलं, हातात रुमाल. शांतपणे म्हणाल्या, "तपास करणं तुमचं काम नाही. खात्री होईपर्यंत थांबू नका. कळवणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही."

सगळ्या जणी कुरकुरत होत्या. मला मात्र त्या बाईंचे हात धरावेसे वाटले. मी लहानपणापासून अशी — दार लावलं का, गॅस बंद केला का, कुणाला माझं बोलणं लागलं का! आणि आता कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगतंय, हे तुला ठरवायचंच नाही, तू फक्त सांग. कायद्याबद्दल इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

फक्त वीस तारीख अजून दूर आहे.

रविवार, ११ जानेवारी

आजीने मासे आणायला पाठवलं. धक्क्यावर फुंगताईच्या गाडीवरून जावंच लागतं. फुंगताई म्हणजे होक-यीची आई. नवरा मुख्य भूमीवर कामाला, वर्षातून दोनदा येतो. माशांचे गोळे तळायचे, विकायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचा, सगळं ही एकटीच.

मी नजर चुकवून निघाले होते. "ए शिकलेली! जेवलीस का?" झालं, पकडलं! "बघ जरा स्वतःकडे, वाऱ्यात उडून जाशील. तुझी आजी काय फक्त औषधाचा काढा पाजते का तुला?" काडीला आणखी एक गोळा खोचून दिला. कायम एक जास्त देते. मी शाळेत होते तेव्हापासून देते. आणि देताना माझ्या मनगटाकडे बघते. लहानपणापासून बघते, का ते कळत नाही.

होक-यी गाडीच्या मागे अक्षरं गिरवत होती. उभ्याने. शेजारी रिकामं स्टूल.

फुंगताई म्हणाली, "बघ ना हिचं अक्षर! पहिलीच्या मुलाखतीत हिला कोण घेणार? तू जरा सांग ना तिला, मिसचं ऐकते ती." मग तिच्याकडे वळून, "नीट काढ! घरी गेल्यावर बघते."

होक-यीने खोडरबर घेतला. गाडीच्या खांबाला कोंबडीच्या पिसांची झाडणी लटकवलेली. दांडा वेताचा. अशी झाडणी आमच्याकडेही आहे. सगळ्यांकडेच असते.

गोळा गरम होता, चवीला नेहमीसारखाच. मी 'थँक्यू ताई' म्हटलं आणि ते मनापासून होतं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी विचारलं तर सांगता यायला हवं. ती वाईट बाई नाही.

सोमवार, १२ जानेवारी

मुख्याध्यापिका ताम बाईंकडे गेले. त्यांनी आधी गरम पाणी दिलं, मग दार लावलं.

"मिस फाँग, तुम्ही खात्रीने सांगू शकता का, की ते चमच्याचं नाही?"

"खात्री नाही. पण मांडीच्या मागे—"

"बरं. आज बारा. वीसला कायदा येतो. वीसनंतर कळवलंत तर ते कायद्याने करायला लावलं असं होईल. आज कळवलंत तर ते तुम्ही केलं असं होईल. इथे सगळे एकाच बोटीने येतात-जातात, मिस फाँग. तुमची आजी ह्याच धक्क्यावर राहते."

त्या दुष्ट नाहीत. माझ्या भल्याचंच बोलत होत्या. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं हेही खरं. आठवडाभर थांबायचं, एवढंच! मग नाव गुप्त, पाठीशी कायदा, आणि फुंगताईच्या गाडीवरून मान वर करून जाता येईल.

दुपारी गोष्टीच्या वेळी सगळी मुलं मांडी घालून बसली. होक-यी गुडघ्यांवर.

मिस यीपचे आभार मानले. म्हणाली, "पँटचे? वेडी आहेस का!" मग हळूच, "तू मला काही सांगणार आहेस का?" मी नाही म्हटलं. मुलीचं नाव मी कुणाला सांगत फिरणार नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

डोकं ठणकत होतं. शाळेतून आल्या आल्या आजीने मला अंगणात पालथं घातलं. "आ-किऊ, मानेचा दगड झालाय नुसता." चमचा, तेल, आणि तिची ती पुटपुट.

माझी पहिली शाळा हीच. बालवाडीत मी गेलेच नाही. आजीने अंगणात शिकवलं. आकडे मणक्यांवरून, अक्षरं काढ्याच्या पुड्यांवरून. चमचा ओढून घ्यायला आलेला तिचा पेशंट पालथा पडलेला असायचा आणि मी त्याच्या पाठीवर बोटाने मोजत असायचे. माणसंही हसत मोजू द्यायची.

मी विचारलं, "आजी, मुलांना मांडीच्या मागे ओढतात का गं चमचा?"

तिचा हात थांबला. "लहान मुलांना? मांडीला? कोणत्या गाढवाने सांगितलं?"

"आणि खूण कशी उठते?"

"पसरट. लाल ठिपके ठिपके. तू काय नवीन शिकतेस का? पाचव्या वर्षी पाठ होतं तुला."

पाठ होतं. मग मला डोळ्यांपुढे आणावंच लागलं, ते मी चार दिवस टाळत होते. ठिपके नव्हते. दोन समांतर रेघा, मधे फिकट पट्टी. पुन्हा दोन रेघा. वेताच्या दांड्याची खूण.

कुणाचं मूल ते आजीला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, "तुझ्याबद्दलही कुणीतरी चौकीत सांगितलं, म्हणून मी तुला घरी आणू शकले."

हे मला अर्धंमुर्धं माहीत आहे. आई नव्हतीच. बाबा खोलीला बाहेरून कडी घालून मकावला जुगाराला जायचे. मला आठवतो बिस्किटांचा डबा, लाल झाकणाचा. मनगटाला बांधलेली दोरी, खिडकीकडे जाऊ नये म्हणून. आणि शेवटी एक ॲप्रन, त्याला मासळीचा वास, त्यात तोंड खुपसून मी रडतेय. आजीचा ॲप्रन. आजीने मला उचललं तो दिवस.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"नाव घेणार नाही असा शब्द दिलाय. तुझा बाप तेव्हा कोयता घेऊन धक्क्यावर शोधत फिरत होता, कुणी चहाडी केली म्हणून."

इतकी वर्षं आजीने तो शब्द पाळला! कायद्यात आज जे लिहिलं आहे ते ती न लिहिता पाळत आली. मी तिचे तेलकट हात धरले. म्हणाली, "सोड, चमचा पडेल."

बुधवार, १४ जानेवारी

आज होक-यीला उजवा हात वर करता येत नाही.

घरी आले तर आजी सांगत होती — फुंग येऊन गेली, गोळ्यांची पिशवी ठेवून. "तिचा खांदा भरून आला होता, म्हटलं घरी चमचा ओढून घेत जा. तर म्हणते, मला कुठे येतं ते! माझ्या पोरीलासुद्धा कधी केलं नाही."

माझा चेहरा पाहून आजीला सगळं कळलं. ती खाली बसली.

"आ-किऊ," ती म्हणाली, "फुंगच गेली होती. वीसेक वर्षांची पोरगी, तेव्हा कुठे कायदा होता! हातात तळायचा झारा तसाच, पळत चौकीत गेली. कडी तोडली तेव्हा तुला तिनेच उचललं होतं. मी तर त्या दिवशी शहरात होते, मागच्या बोटीने पोचले."

आणखी एक दुरुस्ती, मग. तो ॲप्रन आजीचा नव्हता. आजीच्या अंगाला तेलाचा वास येतो, मासळीचा कधीच नाही.

फुंगताईचे आभार कसे मानायचे ते मला आता माहीत आहे. वीस तारखेला नाही. उद्या सकाळी, शाळा भरायच्या आधी, होक-यीबद्दल कळवायचा पहिला फोन. गुरुवार, १५ जानेवारी.