एक रेझिस्टर जास्तीचा

प्रिय भाऊजी,

वहिनीने दिराला आशीर्वाद द्यायचा असतो. पण या खेपेला माझा नमस्कारच घ्या, आशीर्वाद द्यायला तोंड उरलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत आहे (लाजेने माणूस वाळतो म्हणतात, माझं तरी वजन हललेलं नाही).

गेल्या महिन्यात हौशी रेडिओ क्लबात अकरा माणसांसमोर मी म्हणाले, की तुमच्या दादांचा बोलायचा रेडिओ तुम्ही दुरुस्तीला नेलात आणि आतला चांगला भाग काढून घेऊन परत आणून दिलात. ते तुमच्या कानावर गेलं, हे तुमचे फोन यायचे थांबले त्यावरून मला कळलं. भाऊजी, रेडिओ चांगला आहे. खोट माझी आहे. कशी, ते सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही (जातं, पण चव लागत नाही).

दादा गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर ती पत्र्याची डबी पडली होती, रेडिओ किती ताकदीने बोलतो ते मोजणारी. वर्षभर मी तिच्यावरची नुसती धूळ पुसली. मग वाटलं, त्यांचं दुसरं काही माझ्याने पुरं होणार नाही, डबी तरी करावी. मी सातवीत शाळा सुटलेली बाई. त्यांची वही आणि वाचनालयातली तीन पुस्तकं घेऊन बसले. पहिले पंधरा दिवस प्रत्येक ओळ दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळा वेगळी समजायची. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. रेडिओ पन्नास ओहमचा, केबल पन्नासची, तेव्हा डबीचं तोंडही पन्नासचंच हवं. आतली मोजणारी चिप अकराशेची आहे. ती तशीच जोडली तर आलेली ताकद दारातूनच माघारी जाते (घरात कुणी ओळख दाखवली नाही की पाहुणे हातातली पिशवी खाली न ठेवताच वळतात, तसं). म्हणून चिपच्या तोंडाशी एक रेझिस्टर (वीज अडवणारा चिमुकला तुकडा) आडवा लावायचा, म्हणजे दोघांचे मिळून पन्नास होतात (असे आडवे जोडले की आकडे वाढत नाहीत, उतरतात). शिवाय दहा वॅट थेट चिपवर सोडले तर ती जागच्या जागी संपेल, म्हणून ताकद दहा हजार पटीने कमी करणारी एक नळी मध्ये बसवायची. ती दादांनी करूनच ठेवली होती.

आता चूक. वहीच्या त्या पानावर सगळ्या वस्तूंपुढे बरोबरची खूण होती, फक्त रेझिस्टरपुढे नव्हती. मी म्हटलं, दादा लावायचा विसरले. शेवटच्या वर्षात ते किती विसरायचे, ते तुम्ही पाहिलंत. त्यांनी गॅस बंद केला की मी जाऊन पुन्हा बंद करायची, कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघायची, गोळी घेतली म्हणाले की पाकिटातल्या गोळ्या मोजायची. एकदा म्हणाले, "अगं, मी आत्ताच श्वास घेतलाय, तूही माझ्यासाठी एक घेऊन ठेव." मी हसले, आणि हसत हसत गॅस बघून आले. त्याच सवयीने, झाकण न उघडता (ते स्क्रू त्यांच्या हातचे, फिरवायला हात होईना), मी डबीच्या बाहेर जोड देऊन पन्नासचा रेझिस्टर लावून टाकला.

रेडिओ जोडला. दहा वॅटच्या जागी साडेचारसुद्धा नाहीत. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मग मनात जे आलं ते मी टेबलापाशीच ठेवायचं, ते क्लबात घेऊन गेले. तिथले मास्तर (निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण वर्ग सुटलेला नाही) म्हणाले, "बाई, माणसाकडे बोट दाखवण्याआधी डबीकडे दाखवा." मी म्हणाले, "डबी माझ्या नवऱ्याची आहे." सगळे चहा अर्धा टाकून घरी गेले.

परवा मी मास्तरांचं ऐकलं. रेडिओ काढला आणि मीटरने डबीचं तोंड मोजलं. पन्नास यायला हवे होते, पंचवीस आले. माझा रेझिस्टर काढून बाजूला ठेवला. चिप मीटरला दिसत नाही, तेव्हा आता तिथे काहीच नसायला हवं. मीटर म्हणाला, बावन्न. तेव्हा झाकण उघडलं. आत रेझिस्टर होता, नीट डाग देऊन बसवलेला, तारा बेताने कापलेल्या. त्यांच्या हातचा डाग मी ओळखते. पन्नास का नाही, बावन्न का, तेही पुढच्या पानावर लिहिलेलं होतं: बावन्न आणि चिपचे अकराशे मिळून पन्नास. शेजारी बरोबरची खूण. ते पान मी उलटलंच नव्हतं.

विसरले नव्हते, भाऊजी. त्या वर्षात ही एक गोष्ट त्यांनी पुरी केली होती, आणि मी तीही पुन्हा केली. वर आळ तुमच्यावर.

क्लबातल्या अकरांपैकी नऊ जणांना मी काल उभं राहून खरं सांगितलं. उरलेल्या दोघांना चिठ्ठी पाठवली आहे. बारावे तुम्ही. माझं चुकलं.

सगळं दोनदा तपासणारी
तुमची वहिनी

ता. क. दर रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही दोघे भाऊ रेडिओवर बोलायचात आणि मी चहा ठेवता ठेवता ऐकायची. मी परवान्याची परीक्षा पास झाले आहे (काठावर). या रविवारी सात वाजता, रेडिओवर तुमच्या नेहमीच्या जागी, मी असेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका, नुसतं बटण दोनदा दाबा. मला खट खट ऐकू येईल, तेवढं पुरे. खरं तर पत्र एवढ्याचसाठी होतं. पण वरचं सगळं लिहिल्याशिवाय हे लिहायला हात उचलेना.

आणखी एक. माझा रेझिस्टर काढल्यावर पुन्हा मोजलं. साडेनऊ वॅट. उरलेला अर्धा केबलमध्ये जातो, असं त्यांच्या वहीत आहे. मी तपासलेलं नाही.