सभासदांना न सांगितलेलं

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? सूज उतरल्याचं मावशीकडून कळलं. छोटीची परीक्षा संपली असेल. इकडे मी ठीक आहे. बाबाही बरे आहेत.

साडेतीन वर्षांनी पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणून दचकू नकोस. फोन केला असता तर मी रडले असते, नाहीतर भांडले असते. दोन्ही मला छान जमतं, हे तुला ठाऊकच आहे.

माझ्या मंडळाचं मावशीने सांगितलंच असेल. तू त्याला 'मोबाइलवरचं रडगाणं' म्हणालास, तेही तिनेच सांगितलं. म्हातारपणी सगळं विसरायला लागलेल्या आपल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांचं मंडळ. नाव 'घरातच'. महिन्याची वर्गणी, रविवारी सकाळी पडद्यावर बैठक आणि रोज माझी एक नोंद: आज बाबांना आंघोळ कशी घातली, ते कशाने चिडले, मी कुठे चुकले. सुरुवातीला अकरा जण होते. त्यातले चार पहिल्याच महिन्यात गळाले. तेव्हा कळलं की लोक माहितीसाठी वर्गणी भरतात खरी, पण टिकतात ते कुणीतरी विचारपूस केली म्हणून. मग प्रत्येक नव्या सभासदाला मी स्वतः फोन करायला लागले. कुणी चार दिवस गप्प राहिलं की दुसऱ्याने चौकशी करायची, आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असे नियम केले. बघता बघता सव्वाचारशे सभासद झाले. विमा कचेरीतली नोकरी मी सोडली ती त्यांच्याच जोरावर.

फुशारकी मारत नाहीये. ते माझ्याकडे का येत होते, एवढंच सांगायचंय. मंडळाच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ होती: 'मी रोज करते, म्हणून सांगते.'

ती ओळ मी तुझ्यावरच्या रागात लिहिली होती. स्वयंपाकघरातलं ते भांडण आठवत असेल. तू म्हणालास, "बाबांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू, दोघं मिळून बघू." मी म्हटलं, "तुला बाप जड झालाय, सरळ सांग ना." वहिनी हातात ताट धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या.

१५ नोव्हेंबर

काल इथेच थांबले. आज वरचं सगळं वाचलं. 'बाबाही बरे आहेत' हे खोटं नाही. पण बाबा घरी नाहीत, दादा. जूनच्या शेवटी मी त्यांना वृद्धनिवासात ठेवलं.

त्याआधी एका सकाळी त्यांनी पटाशी काढून न्हाणीघराच्या दाराची बिजागरी उचकटायला घेतली होती. सुतारकीची हत्यारं मी माळ्यावर लपवली होती, ती त्यांनी कशी शोधली देव जाणे. मी पटाशी ओढली, त्यांनी मला ढकललं. आणि मी त्यांना मारलं. गालावर, जोरात. ते गालाला हात लावून म्हणाले, "चुकलं, बाई." मला बाई म्हणाले.

चौथ्या दिवशी मी त्यांना तिथे सोडून आले. बाप जड मलाच झाला होता, आणि तुझ्यावर ओरडले तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

पण नोंदी थांबवल्या नाहीत. त्यांच्या रिकाम्या खोलीत बसून, जुन्या नोंदींची वही समोर ठेवून मी रोज लिहीत होते. 'आज बाबा दोन घास जास्त जेवले.' खाली चाळीस-पन्नास जण धन्यवाद म्हणायचे.

सप्टेंबरच्या एका बैठकीत शिंपीणकाकू बोलल्या. अडुसष्ट वर्षांच्या, अजून शिवणकाम करणाऱ्या, नवरा आडदांड. म्हणाल्या, "ताई, माझ्याने आता उचलवत नाहीत हो. मुलगा म्हणतो, कुठेतरी ठेव. त्याचं मी ऐकत नाही. तुम्ही म्हणालात तर ठेवीन."

पडद्यावर सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. मी म्हटलं, "काकू, अजून थोडी कळ काढा. आपण घरातच करणारी माणसं."

बाराव्या दिवशी काकांना न्हाणीतून उठवताना दोघंही पडले. काकांचं कंबरेचं हाड मोडलं, काकूंचं उजवं मनगट. मी इस्पितळात गेले. काकू मलाच धीर देत म्हणाल्या, "तुम्ही एकटीने वडिलांचं करता, ते आठवलं की बळ येतं बघा."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. "मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?" काकू एवढंच बोलल्या, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. काका आठवड्याभराने गेले. त्यानंतर काकू माझा फोन घेत नाहीत. मीही घेतला नसता.

पुढच्या रविवारी बैठकीत सगळ्यांना सांगितलं. नुसतं 'बाबा जूनपासून वृद्धनिवासात आहेत' एवढंच नाही, काकूंना काय म्हणाले तेही. कुणी मला खोटारडी म्हणालं, कुणी तिथल्या तिथे निघून गेलं. चार दिवसांत दोनशेच्या वर लोक गेले. आणि त्याच चार दिवसांत एकतीस जणांनी मला वेगवेगळं, खाजगीत लिहिलं: आम्हीही आमच्या माणसाला कधीच वृद्धनिवासात ठेवलंय, पण मंडळात सांगायची लाज वाटत होती. एकतीस जण, दादा! एकमेकांना धीर द्यायला जमलो होतो आणि एकमेकांच्या भीतीने खोटं बोलत होतो. ती भीती मीच घातली होती.

वर्गणी बंद केली. ती ओळ काढून टाकली. रविवारची बैठक आता सभासदांतली एक नर्स घेते. मी कोपऱ्यात बसून ऐकते. परत नोकरी शोधतेय.

बाबा तिथे शांत आहेत, हेच मला जास्त लागतं. खाटांचे सांधे तपासतात, सुताराला शिव्या घालतात, गाढ झोपतात. मी कोण ते त्यांना कळत नाही, पण माझ्याशी गोड बोलतात. भेटायला दर बुधवारी चार वाजता सोडतात. पत्ता मागे लिहिलाय. तू आलास तर मी बाहेर थांबेन, मध्ये येणार नाही.

तुला जे म्हणायचंय ते मला म्हण, मी ऐकून घेईन. एकच मागणं आहे. मी बाबांवर हात उचलला हे वहिनींना तू सांगू नकोस. ते मला स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या समोर बसून सांगू दे.

तुझी बहीण