विहाराच्या गेटवरची तारीख

मुरबाड,
५ जानेवारी २०२५

चि. दीपेशला ताईचा जय भीम.

फोन तू उचलत नायस, म्हणून कागद. आई बरी आहे, गुडघा सोडला तर. वर्कशॉप जोरात आहे. तुझ्या पुण्याच्या कंपनीची नोटीस आली, तरी एकही मशीन मी बंद केलेलं नाय. मुरबाडला बसून मोबाईलवरून गावातल्या वेल्डिंग मशीनचा करंट लावायचा, हे म्हणे त्यांचं पेटंट! मी तर पोट धरून हसले.

अरे, हे सुरू कशावरून झालं? तू साइटवर गेलास की घाईघाईत करंट वाढवायचास आणि पातळ पाइपाला भोकं पाडायचास. म्हणून आकडा मी माझ्या हातात घेतला. डोकं माझं, पण मोबाईलला जोडणारा मशीनमधला सर्किट बोर्ड तू बनवलास. ते मी कधी नाकारलं नाय.

कोर्टाची तारीख याच महिन्याच्या वीसला आहे आणि मीच जिंकणार. उंबरमाळीजवळच्या आपल्या विहाराचं गेट आठवतंय ना? बुद्धपौर्णिमा, २०१९. पाहुणे येऊन बसले तरी तू खाली वाकून गेटवर वेल्डिंगने तारीख लिहितच होतास. आणि मालूआत्या माइकवर ओरडत होती, "बघा रे, आमची दामिनी मुरबाडला बसून करंट लावतेय!" सगळी वस्ती बघत होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे. त्यानंतर तू कंपनीत लागलास, आणि कंपनीचा पेटंटचा अर्ज गेला तो थेट त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. माझ्या वकील नेहा मॅडम म्हणाल्या, चारचौघात आधीच दाखवलेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाय. म्हणजे आता मलाही मिळणार नाय. जाऊ दे, वर्कशॉप तर चालू राहील.

मग पत्र कशाला, असं म्हणशील. त्या पेटंटवर शोध लावणारा म्हणून एकच नाव आहे, तुझं. वीसला व्हिडिओ लागला की कोर्टात सगळ्यांसमोर तू खोटा ठरशील आणि कंपनी हात झटकून मोकळी होईल. ते मला बघवणार नाय रे.

आणि एक. गेटवर तारखेच्या वर आपली दोघांची नावं होती. पेटंटचा कागद हातात आला, त्याच दिवशी मी गावी गेले आणि तुझ्या नावावर ग्राइंडर फिरवला. आईने विचारलं, "दीपूचं नाव कुठं गेलं गो?" मी म्हटलं, गंजलं होतं. तिच्याशी खोटं बोलले. तू जे केलंस तेच मी केलं. लाज वाटते.

तू वीसच्या आधी ये. व्हिडिओ लागायच्या आत, जे झालं ते कोर्टाला स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरी गेली तर चार नंबरचं मशीन रिकामंच आहे.

मॅडमनी निकालापर्यंत गेटला हात लावायचा नाय म्हणून बजावलंय. निकाल लागला की तुझं नाव तूच परत लिही, तुझ्या हाताने. करंट मात्र मी मुरबाडहूनच लावणार. तुझा भरवसा नाय.

वाट बघणारी,
तुझी ताई
दामिनी